पहिलीचं वर्ष: घराकडून नेमकं काय मागायचं

"घरी जरा अभ्यास घेत जा, ताई." पालकसभेत हे वाक्य हमखास येतं आणि तिथंच घोळ सुरू होतो. ऐकणारी आई दिवसभर रानात राबून सहाला घरी आलेली असते. चूल पेटवायची असते, पाणी भरायचं असतं. 'अभ्यास' म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं तिच्या वेळची शाळा येते, पाटी, छडी आणि घोकंपट्टी. मग ती एकतर "पाच पानं लिहून काढ" म्हणून लेकराला कोपऱ्यात बसवते, नाहीतर "आमाला काय येतंय गुरुजी, तुमीच बघा" म्हणून अंग काढून घेते.

मराठवाड्याच्या डोंगरपट्ट्यातल्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळांत पहिली-दुसरी सांभाळताना आमची पद्धत घडत गेली ती याच्या उलट बाजूनं. घराकडून मागायचं ते थोडं मागायचं, घरात चालूच असलेल्या कामात बसेल असं मागायचं आणि जमलं की नाही हे आईला स्वतःलाच कळेल असं मागायचं. एप्रिलपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हे कसं चालतं आणि कुठं अडतं, ते इथं सांगतो.

काम सुरू होतं मार्चअखेर, दाखलपात्र मुलांच्या यादीपासून. अंगणवाडीताईंकडं यादी तयार असते, पण ती हातात घेऊन घरोघर फिरावंच लागतं. माहेरी आलेल्या लेकीचं मूल, वीटभट्टीवरून परतलेलं कुटुंब, शेतातल्या वस्तीवरचे लोक हमखास सुटलेले असतात. राज्यात पहिलीसाठी वय धरायची तारीख ३१ डिसेंबर आहे. त्या दिवशी सहा पूर्ण होणारं मूल जूनमध्ये पहिलीत बसू शकतं. पण डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये साडेपाच वर्षांचंच असतं आणि त्याच्या शेजारी बसणारं जानेवारीतलं मूल त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठं. हे त्या घरी आधीच बोलून ठेवलं की दिवाळीत "आमचंच कसं मागं?" हा प्रश्न येत नाही.

जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायदा, २००९ तसं स्पष्ट सांगतो. दवाखान्यातली किंवा अंगणवाडीतली नोंद चालते, तीही नसेल तर पालकांचं लेखी निवेदन. मात्र जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या दाखलनोंदीच्या वहीला, नाव चढवताना घाई नको. दाखल्यावर 'कृष्णा', आधारवर 'क्रिष्णा', घरी 'किस्ना', आडनावाच्या जागी कधी गावाचं नाव. रजिस्टरमधलं नाव किंवा जन्मतारीख पुढं बदलायची म्हणजे अर्ज, पुरावे आणि खेटे, आणि हे काम नेमकं दहावीच्या तोंडावर निघतं. म्हणून नाव आधी कोऱ्या कागदावर लिहायचं, आई-वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवायचं, दाखला आणि आधार शेजारी ठेवून काना-मात्रा ताडायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि मगच शाईनं रजिस्टरला. घराची शाळेशी पहिली गाठ इथं पडते. ती नीट बसली तर पुढं बोलणं सोपं जातं.

मग मेळावा. करोनाच्या काळात अंगणवाड्या बंद राहिल्या आणि मुलं थेट पहिलीत येऊन बसली. त्यानंतर २०२२ पासून राज्यभर 'पहिलं पाऊल' नावानं शाळापूर्व तयारी मेळावे होतात, एक एप्रिलात आणि दुसरा जूनमध्ये. सात टेबलं मांडायची: नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटचं पालकांशी बोलण्याचं. मूल आईचं बोट धरून एकेका टेबलावर जातं, तिथली कृती करतं आणि हातातल्या विकासपत्रावर खूण होते: स्वतः करतं, थोड्या मदतीनं करतं की अजून जमत नाही.

कागदावर हे सोपं दिसतं. बिघडतं ते असं. मांडव, बॅनर, पाहुणे, सत्कार, भाषणं. दहा वाजता पहिलं मूल टेबलाशी पोचतं तेव्हा ऊन चढलेलं असतं, लेकरू पेंगत असतं आणि आईला जनावरांच्या पाण्याची चिंता लागलेली असते. आम्ही आता साडेसातला थेट टेबलं सुरू करतो. सत्कार करायचाच तर शेवटी, आणि साडेदहाला सगळं आवरतं. दुसरा घोळ आयांचा. "सांग की रं, घरी तर समदं म्हणतुस!" असं कानाशी चाललं की मूल मिटून जातं. त्यावर उपाय एकच सापडला. टेबलावरच्या स्वयंसेवकाला सांगून ठेवायचं की प्रश्न एकदाच विचार आणि मनात दहापर्यंत मोज, आणि आईला सांगायचं की तुम्हीही त्याच्याबरोबर मनात मोजा. दहा आकडे फार लांब वाटतात. पण बरीच मुलं सात-आठच्या सुमाराला हात पुढं करतात.

तिसरा घोळ सगळ्यांत वाईट, कारण तो भलेपणातून होतो. स्वयंसेवक म्हणजे गावातलीच आठवी-नववीची पोरं किंवा नुकतं लग्न होऊन आलेली एखादी शिकलेली वहिनी. त्यांना आईचं मन मोडवत नाही, म्हणून सगळीकडं 'स्वतः करतं' अशी खूण होते. एप्रिलचं विकासपत्र असं भरलं की जूनच्या मेळाव्यात दाखवायला काही उरत नाही, आणि आईला मधल्या आठ आठवड्यांत काय करायचं तेही कळत नाही. म्हणून आदल्या दिवशी स्वयंसेवकांना तासभर बसवून खुणा कशाला करायच्या ते समजवावं लागतं.

काय बघायचं याची दोन उदाहरणं देतो. शारीरिक विकासाच्या टेबलावर जुन्या वर्तमानपत्राची पट्टी फाडायला देतात. तयारी नसलेलं मूल कागद दोन्ही मुठींत धरून बाहेरच्या बाजूला ओढतं आणि कागद वेडावाकडा फाटतो. हात तयार झालेलं मूल अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत कागद धरतं, एक हात पुढं, एक मागं, आणि चिमटी थोडी-थोडी खाली सरकवत जातं. ही चिमटी म्हणजेच उद्याची पेन्सिल. ती तयार नसताना जूनमध्ये अक्षरं गिरवायला लावली तर मूल पेन्सिल मुठीत धरतं, खांद्यातून जोर लावतं आणि चार ओळींत हात दुखतो म्हणतं. घरी त्याला आळस म्हणतात.

गणनपूर्वच्या टेबलावर चिंचोक्यांची वाटी असते. एक ते वीस गाण्यासारखं म्हणणारी मुलं पुष्कळ. पण "मला सहा चिंचोके दे" म्हटलं की निम्मी मुलं मूठभर उचलून देतात. काही मुलं बोट एकीकडं आणि तोंडचा आकडा दुसरीकडं अशी मोजतात. तोंडचा आकडा आणि हातातली वस्तू यांची गाठ अजून पडलेली नसते. हे आईनं तिथं स्वतः बघितलं की पुढचं निम्मं काम झालं. आम्ही सांगितलं असतं तर तिला ते तक्रारीसारखं वाटलं असतं.

सातवं टेबल सगळ्यांत दुर्लक्षित. तिथं एक पुस्तिका हातात देऊन रवाना करायची रीत पडली आहे. आम्ही तिथं वर्गशिक्षकच बसवतो आणि दर आईला चार-पाच मिनिटं देतो. बोलायच्या गोष्टी तीनच: लेकराला काय छान जमतं, काय अजून जमत नाही आणि या आठवड्यात घरी कोणती एक गोष्ट करायची. 'कच्चा', 'मंद', 'हुशार' हे शब्द टेबलावर बंद.

मेळाव्याच्याच दिवशी माता गट पाडायचे. एका गटात पाच-सहा आया, आणि त्यांची घरं एकमेकींना हाक ऐकू जाईल इतक्या जवळची. आधी आम्ही मुलांच्या तयारीप्रमाणं गट पाडायचो, ते गट एकदाही जमले नाहीत. गल्लीप्रमाणं, वस्तीप्रमाणं, तांड्याप्रमाणं पाडले की जमतात. गटाची प्रमुख आई निवडताना सर्वांत शिकलेली बाई निवडायचा मोह होतो. तसं करू नये. जिच्या ओट्यावर बाया एरवीही टेकतात, तीच बरी. वाचता येत नसलं तरी चालतं, तिची पाचवीतली मुलगी कार्ड वाचून दाखवते. सरपंचांच्या घरात गट नेला तर सासवा-सुनांचं आणि पार्टीचं राजकारण त्यात शिरतं.

जमायची वेळ आयांनीच ठरवायची. उन्हाळ्यात दुपारी दोन-तीनचा सुमार बरा असतो, पावसाळ्यात खुरपणी सुरू झाली की रात्री जेवणानंतरच. आठवडी बाजाराचा दिवस टाळायचा. अर्धा तास पुरे.

दर आठवड्याला या गटात एक आयडिया कार्ड जातं. त्यावर घरच्या वस्तूंनी करायच्या तीन-चार कृती असतात. त्यांचे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवरही येतात, पण इथं एक अडचण आहे. घरातला मोठा फोन बहुतेक वेळा बापाच्या खिशात असतो आणि बाप पुण्याला किंवा ट्रॅक्टरवर. 'ग्रुपवर टाकलंय' म्हणजे पोचलं असं नव्हे. म्हणून गटामागं एक तरी फोन घरी राहणारा आहे ना, हे नोंदणीच्या टेबलावरच विचारून ठेवायचं, आणि व्हिडिओपेक्षा मिनिटभराचा बोललेला निरोप पाठवायचा. नेटपॅक संपत आलेला असला तरी तो उतरतो, आणि भाकरी थापता थापताही ऐकता येतो.

एक कृती जवळून बघू. भुईमुगाच्या शेंगा, दोन ओंजळी. आई फोडत असतेच, लेकराला शेजारी घ्यायचं. आधी दहा शेंगा मोजून त्याच्यापुढं ठेवायला सांगायच्या, एकेक उचलून, एकेक आकडा म्हणत. मग शेंग न फोडता हलवून बघायची: आत किती दाणे असतील? एक, दोन की तीन? आधी सांगायचं आणि मग अंगठ्यानं दाबून फोडायची. एका दाण्याच्या शेंगांची टरफलं एका वाटीत, दोनच्यांची दुसऱ्या, तीनच्यांची तिसऱ्या. कोणत्या वाटीत जास्त? एवढ्यात मोजणं झालं, अंदाज झाला, वर्गीकरण झालं, कमी-जास्त झालं, आणि चिमटीला असा व्यायाम झाला की वहीत दहा पानं गिरवूनही होणार नाही. आईचं कामही अडलं नाही. चुकतं कुठं? शेंगा फार दिल्या की मूल कंटाळतं. दहाच्या वर जायचंच नाही. आणि अंदाज चुकला की "बघ, चुकलास" म्हणायचं नाही, पुढची शेंग हातात द्यायची.

अशाच कृती रोजच्या कामांत सापडतात. कणकेच्या पाच गोळ्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावणं, धुतलेल्या कपड्यांतून बाबांचे-ताईचे वेगळे काढणं, मेथीची पानं खुडणं, पाहुण्यांना मोजून पेले देणं. रात्री आजीनं अर्धी गोष्ट सांगायची आणि "मग पुढं काय झालं असंल?" म्हणून थांबायचं. तांड्यावरच्या घरी आजी गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, सांगते. तिला "मराठीतच बोला" असं कधीही सांगू नये. लेकराला 'याडी' आणि 'बाटी' हे शब्द पक्के असले की 'आई' आणि 'भाकरी' त्यांच्या शेजारी आपोआप येऊन बसतात. आजी गप्प बसली की गोष्टच बंद होते. आम्ही आजीकडूनच चाळीस-पन्नास शब्द घेऊन वर्गात दोन्ही भाषांचा तक्ता लावतो, आणि तक्ता बरोबर आहे का ते बघायला आजीलाच बोलावतो.

जूनमध्ये शाळा उघडते. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून पांढऱ्या कागदावर पावलं उमटवतात, फुगे लागतात, दुसरा मेळावा होतो. यावेळी विकासपत्र आईच्याच हातात द्यायचं आणि एप्रिलची खूण शेजारी ठेवून फरक तिलाच सांगायला लावायचं.

जुलै लागला की पहिली तक्रार येते: "अजून अ आ इ ई येत नाही याला." ही तक्रार यायच्या आत आम्ही गटांत जाऊन एक गोष्ट करून दाखवतो. खडूनं फरशीवर म, क, र ही तीन अक्षरं आणि काना लिहायचा. बघता बघता मामा, काका, मका, राम, कर, मार असे शब्द तयार होतात. आता अ ते ज्ञ ओळीनं शिकवायचं म्हटलं तर ङ आणि ञ पाठ करण्यात आठवडे जातात आणि वाचायला शब्द एकही मिळत नाही. मोजकी अक्षरं घ्यायची आणि लगेच त्यांचे शब्द वाचायचे, म्हणून पुस्तकात अक्षरं गटागटानं येतात. हे एकदा फरशीवर बघितलं की आया स्वतःच दारावर, पिठाच्या डब्यावर 'मका' लिहायला लागतात. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्राच्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या अखेरीला मुलानं चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं, आधी न पाहिलेल्या मजकुरातली, वाचावीत असं ठरलेलं आहे. यातला 'आधी न पाहिलेल्या' हा भाग आयांना नीट उलगडून सांगावा लागतो, कारण पाठ झालेला धडा वाचन म्हणून खपतो. मूल पुस्तक हातात धरून घडाघडा बोलत असतं आणि नजर असते कोंबडीवर.

वाचता न येणाऱ्या आईलाही हे ओळखता येतं. पानाच्या मधल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "हे काय लिवलंय?" मूल वाचत असेल तर तो शब्द सांगेल. पाठ केलं असेल तर ओठांतल्या ओठांत पहिल्यापासून म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत येईल. ओठ हलले की समजायचं. आईला स्वतःला अक्षर यायची गरज नाही. रोज दहा मिनिटं मूल वाचतं, आई ऐकते, मधे दोनदा असं बोट ठेवते. ज्या आया "आमी अडाणी" म्हणून सभेत मागं बसायच्या, त्यांना ही युक्ती सर्वांत आवडते. दुसऱ्या दिवशी त्या दारातूनच ओरडून सांगतात, "बाई, ओठ हालत्यात वो अजून!"

गणितात घरचा गोंधळ वेगळा. आपल्या भाषेत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि लिहिताना दोन आधी. म्हणून मुलं पंचवीस ऐकून ५२ लिहितात, एकोणतीस ऐकून ३९. घरी चूक दिसली की वहीवर शंभर वेळा २५ लिहून घेतात. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर टिंगल झाली. पाठ्यपुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा पुन्हा पुन्हा समजावून सांगत होत्या की रूढ नावांतला हा उलटा क्रम आणि त्यातली जोडाक्षरं लहान मुलांना अडवतात. टिंगल करणाऱ्यांतल्या किती जणांनी पहिलीच्या वहीतली ५२ लिहिलेली पंचवीस पाहिली होती, कोण जाणे. आम्ही वर्गात दोन्ही नावं वापरतो.

घरी मागतो ते तुराटीच्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या खोडाच्या, काड्यांचं काम. बोटभर लांबीच्या नव्व्याण्णव काड्या आणि नऊ रबरं. दहा-दहाच्या नऊ जुड्या बांधल्या की नऊ सुट्या उरतात. "पंचवीस दे" म्हटलं की मुलानं दोन जुड्या आणि पाच सुट्या द्यायच्या. जुड्या डाव्या हाताला, सुट्या उजव्या हाताला, याची सवय लागली की लिहिण्यातला उलटा क्रम महिन्या-दोन महिन्यांत सुधारतो. बिघडतं ते एका बारीक गोष्टीनं: घाईत कुणीतरी नऊची किंवा अकराची जुडी बांधून देतं आणि मग मुलाचं उत्तर बरोबर असूनही मोजणी जुळत नाही. म्हणून जुड्या मुलानंच बांधायच्या, आईनं दोन उघडून तपासायच्या. काड्या नसतील तर दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घेऊन दुकानात पाठवायचं.

आता पालकसभेबद्दल. सूचनेच्या वहीवर सह्या घेऊन बोलावलेल्या, गुरुजींच्या चाळीस मिनिटांच्या भाषणाच्या सभेला एक-दोनदा लोक येतात, मग येत नाहीत. आम्ही वर्गसभा वीस मिनिटांची केली आणि प्रत्येक आईच्या हातात तिच्या लेकराची वही आधी दिली. आईनं जूनचं पान आणि आजचं पान शेजारी बघायचं. कुणाच्याही मुलाबद्दल चौघांत बोलायचं नाही, ते बाजूला घेऊन. बापांना बोलवायचं तर वेगळी युक्ती लागते. ते दाराशी उभे राहतात आणि आत येत नाहीत. त्यांना काम दिलं की येतात: बेंच दुरुस्त करायचाय, नळाची तोटी बदलायचीय, मैदान आखायचंय. हात चालू असताना मुलाबद्दलचं बोलणं निघतं.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. कागदावरच्या महिला पुष्कळ, बोलणाऱ्या थोड्या. एक गोष्ट मात्र चमत्कारासारखी लागू पडते: पैशांचा आकडा उघड सांगणं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून येणारं संयुक्त शाळा अनुदान तीसपर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये असं ठरलेलं आहे आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. हा आकडा फळ्यावर लिहिला की "शाळेला लाखो येतात" ही गावातली समजूत विरते. मग मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आधी की रंग आधी, यावर आया हिरिरीनं बोलतात. कडीच आधी ठरते.

दुपारच्या जेवणाचं थोडक्यात. पहिली ते पाचवीच्या मुलामागं रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण आहे. वाढायच्या आधी चव घेऊन नोंद करायची असते. ती चव आठवड्यातून दोनदा तरी आळीपाळीनं एखाद्या आईनं घ्यावी. पहिलीची लेकरं ताटात टाकतात ते बहुतेक वेळा तिखटामुळं, आणि हे आईच्या जिभेला लगेच कळतं, सातवीच्या मुलांना वाढणाऱ्याला कळत नाही. जंतनाशक गोळीच्या दिवशी, म्हणजे फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या १० तारखेच्या सुमाराला, आदल्या संध्याकाळीच गटांत निरोप द्यायचा: काही खाऊन पाठवा, गोळी चावून खायची असते, थोडी मळमळ झाली तर घाबरू नका. निरोप न देता गोळी दिली तर एका लेकराच्या उलटीवरून सगळा गाव शाळेत येतो.

हजेरीचा नियम साधा ठेवला आहे. मूल आलं नाही तर अकराच्या आत गटप्रमुख आईला फोन. आधी घरी फोन करत नाही, कारण घरी कुणी उचलत नाही किंवा 'ताप आलाय' एवढंच उत्तर मिळतं. शेजारणीला खरं कारण ठाऊक असतं: धाकट्या भावाला सांभाळायला ठेवलंय, मामाच्या लग्नाला गेलंय, वर्गातल्या कुणीतरी चप्पल लपवली म्हणून रुसलंय. तिसऱ्या दिवशी मात्र आम्ही स्वतः घरी जातो. चहा होतोच, तो नाकारू नये.

आणि मग दसरा येतो. आमच्या पट्ट्यात इथून पुढं पट अर्धा होऊ शकतो. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले कोयते ऊसतोडीला साखर कारखान्याकडं निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि जोडीबरोबर लेकरू. उसाच्या फडात जाणारं पहिलीचं मूल मार्च-एप्रिलला परततं तेव्हा काड्यांच्या जुड्याही विसरलेलं असतं. म्हणून गणपतीतच कोण जाणार याची यादी करायची. गाड्या भरायला लागल्यावर बोलून काही होत नाही. पहिलं बोलणं आजी-आजोबांशी, कारण मूल मागं राहायचं तर ते त्यांच्याच जिवावर. गावात हंगामी वसतिगृह मंजूर असेल तर व्यवस्थापन समितीमार्फत सकाळ-संध्याकाळचं जेवण होतं, दुपारचं शाळेत, आणि झोपायला मूल आजीजवळ. म्हातारीला दोन वेळच्या स्वयंपाकाची धास्ती असते. ती धास्ती गेली की म्हातारी तयार होते. आईला धास्ती वेगळी, रात्री लेकरू रडलं तर? त्यावर आम्ही संध्याकाळी सातनंतर गटप्रमुख आईच्या फोनवरून रोज दोन मिनिटं बोलणं लावून देतो. पहिले दहा-बारा दिवस मूल फोनवर रडतं आणि पलीकडं आईही. त्या दिवसांत आई "घेऊन जाते" म्हणते. तो पंधरवडा काढला तर बहुतेक मुलं राहतात.

जे जाणारच त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक भरायचं: मूल कोणत्या वर्गात आहे, काय येतं, कुठं थांबलंय. ते पत्रक कारखान्याजवळच्या शाळेत दाखवलं की तिथं बसवून घेतात. पत्रक कापडी पिशवीत, त्याच पिशवीत पाठ्यपुस्तक, एक गोष्टीचं पुस्तक, काड्यांच्या नऊ जुड्या आणि आमचा फोन नंबर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत. पिशवी बापाच्या हातात देऊ नये, ती गाडीच्या तळाशी जाते. आईच्या भांड्यांच्या गाठोड्यात ठेवली की कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी बाहेर निघते.

परतलेल्या मुलाची आल्या दिवशी चाचणी घ्यायची नाही. आठवडाभर त्याला काड्या, शेंगा, फरशीवरचे शब्द, आणि शेजारी असं मूल जे मागं राहिलं होतं. विकासपत्रावरची शेवटची खूण दसऱ्याची असते. नवी खूण दुसऱ्या आठवड्यात करायची, आईला समोर बसवून, आणि तारीख टाकून.